बेट आणि देश

कोल्हापुरातील एका शाळेत शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाचा तास चालू होता. फळ्यावर चार नावे लिहिलेली होती : जपान, नेपाळ, श्रीलंका, ग्रीनलंड. त्यांतून गटात न बसणारे पद ओळखायचे होते. वर्गातील बहुतेक मुलांनी ‘नेपाळ’ असे लिहिले. शेवटच्या बाकावरील एका मुलीने मात्र ‘ग्रीनलंड’ लिहिले. सरावाच्या पुस्तकामागील उत्तरसूचीत ‘नेपाळ’ असे होते. तिचा गुण गेला. ती उभी राहून हळूच म्हणाली, “सर, बाकीचे तिन्ही देश आहेत. ग्रीनलंड देश नाही.” शिक्षकांनी उत्तरसूचीवर पुन्हा एकदा नजर टाकली, “उत्तर नेपाळच दिले आहे,” असे सांगितले आणि पुढचा प्रश्न घेतला. मुलगी खाली बसली.

प्रसंग लहान आहे. एका गुणाने कोणाचे आयुष्य घडत नाही की बिघडत नाही. परंतु कारण कितीही खरे असले तरी उत्तरसूचीपुढे त्याची किंमत नाही, अशी खूणगाठ त्या मुलीने त्या दिवशी मनाशी बांधली असेल, तर ती गोष्ट मोठी आहे. अशी समजूत एकदा रुजली, म्हणजे मूल विचार करणे सोडते आणि उत्तरे पाठ करू लागते. म्हणून हा प्रश्न केवळ एका गुणाचा राहत नाही. त्याचा शांतपणे विचार झाला पाहिजे.

त्या मुलीचे उत्तर चूक होते काय? मुळीच नाही. मग इतर मुलांचे उत्तर चूक होते काय? तेही नाही. जपान, श्रीलंका आणि ग्रीनलंड यांच्या चहूबाजूंना समुद्र आहे, नेपाळला समुद्राचा स्पर्शही नाही. या कसोटीने नेपाळ वेगळा पडतो. जपान, नेपाळ आणि श्रीलंका हे स्वतंत्र देश आहेत, ग्रीनलंड तसे नाही. या कसोटीने ग्रीनलंड वेगळे पडते. एकाच फळ्यावर दोन कसोट्या उभ्या होत्या आणि त्यांपैकी कोणती लावायची, हे प्रश्नाने सांगितले नव्हते. दोष असलाच तर तो प्रश्नाचा होता.

असा घोटाळा वारंवार होतो, याचे कारण असे की, ‘बेट’ आणि ‘देश’ हे शब्द नकाशावर नेहमी एकत्र भेटतात, आणि जे बेट आहे ते देश नसावे किंवा जो देश आहे तो बेट नसावा, असे उगाचच वाटू लागते. वास्तविक हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. कोल्हापुरातील एखाद्या तालमीत जाऊन पाहावे. तेथे लाल मातीत घुमणारा मुलगा पैलवान असतो आणि सकाळी अकरा वाजता दप्तर घेऊन शाळेत जातो तेव्हा तोच विद्यार्थीही असतो. ‘हा पैलवान की विद्यार्थी?’ असे कोणी विचारले, तर त्याने काय उत्तर द्यावे? पैलवान हे त्याच्या कसरतीवरून पडलेले नाव आहे, विद्यार्थी हे त्याच्या अभ्यासावरून पडलेले नाव आहे. दोन्ही नावे खरी आहेत, कारण ती दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. बेट आणि देश यांचेही असेच आहे. ‘या भूमीभोवती काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर बेट हे होय. ‘या भूमीचा कारभार कोण पाहतो?’ या प्रश्नाचे उत्तर देश हे होय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाणी देते; दुसऱ्याचे उत्तर माणसे देतात.

आधी पाण्याचे उत्तर पाहू गेल्यास, चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूमीला बेट म्हणतात, ही व्याख्या प्रत्येक मुलाला पाठ असते. संस्कृतातील ‘द्वीप’ हा शब्दही ‘द्वि’ म्हणजे दोन आणि ‘अप्’ म्हणजे पाणी, यांपासून बनला आहे. दोन्ही अंगांना पाणी असलेली जमीन, असा त्याचा मूळ अर्थ. ज्या भूमीला तीन बाजूंनी पाणी असते, ती जवळजवळ द्वीपासारखी, म्हणून ती ‘द्वीपकल्प’. मराठीत ‘बेट’ या शब्दाला आणखीही एक अर्थ आहे. शेताच्या कडेला एकत्र वाढलेल्या बांबूंच्या दाट पुंजक्यालाही बांबूचे बेट म्हणतात. भोवतालच्या रानातून ते वेगळे उठून दिसते, तशीच पाण्यातील भूमी पाण्यातून वेगळी उठून दिसते.

मात्र ही पाठ केलेली व्याख्या पुरेशी नाही. २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात पंचगंगेला महापूर आला. प्रयाग चिखली, आंबेवाडी यांसारखी गावे पाण्याने वेढली गेली. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठच्या गावांचे रस्ते बुडाले. शिरोलीजवळ पाणी आल्यामुळे पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. दूध, भाजी, पेट्रोल यांची चणचण भासू लागली आणि कोल्हापूरचे बेट झाले, असे लोक म्हणू लागले. २०२१ सालच्या जुलै महिन्यातही तसाच प्रसंग ओढवला. मग कोल्हापूर हे बेट आहे काय? भूगोलाच्या पुस्तकात त्याची नोंद बेट म्हणून कोणी करणार नाही. पूर ओसरला आणि रस्ते पुन्हा उघडे झाले. ज्या भूमीभोवती पाणी कायमचे असते, तिलाच बेट म्हणतात. आठ दिवसांच्या पाण्याने तो मान मिळत नाही. लोकांनी वापरलेला शब्द त्यांच्या अडचणीचे यथार्थ वर्णन करणारा होता, पण तो भूगोलातील बेटाची व्याख्या पूर्ण करणारा नव्हता.

व्याख्येतील दुसरी अडचण आकाराची आहे. ऑस्ट्रेलियाच्या चहूबाजूंना समुद्र आहे. तरीही त्याला बेट न म्हणता खंड म्हणतात. ग्रीनलंडला मात्र जगातील सर्वांत मोठे बेट म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आहे. ऑस्ट्रेलिया त्याच्या साडेतीन पटींहून थोडा मोठा आहे. शिवाय ग्रीनलंड हे भूकवचाच्या रचनेच्या दृष्टीने उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाचाच भाग आहे. म्हणून सर्वांत लहान खंड ऑस्ट्रेलिया आणि सर्वांत मोठे बेट ग्रीनलंड, अशी सीमारेषा भूगोलतज्ज्ञांनी आखली आहे. बेट हे निसर्गाने घडविले हे खरे. परंतु बेट कोणास म्हणावे, हे ठरविताना तेथेही माणसाला थोडा निवाडा करावाच लागतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे. देश कशास म्हणावे? १९३३ साली दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या देशाच्या राजधानीत, मोंटेव्हिडिओ येथे, अमेरिका खंडांतील राष्ट्रांनी एक करार केला. त्या करारात राज्याच्या चार खुणा सांगितल्या आहेत : कायमची लोकवस्ती, निश्चित भूप्रदेश, शासन, आणि इतर राज्यांशी स्वतःच्या अधिकाराने संबंध ठेवण्याची पात्रता. या चारही खुणांत समुद्राचा उल्लेख नाही. नेपाळसारखा डोंगराळ प्रदेश आणि श्रीलंकेसारखे बेट या दोघांनाही ही कसोटी सारखीच लागू पडते. आज संयुक्त राष्ट्रसंघाचे १९३ सदस्य आहेत. त्यांत भारतासारखे विशाल देश आहेत, आणि हिंदी महासागरातील लहान लहान बेटांचा मिळून झालेला मालदीवही आहे.

चौथी खूण विशेष महत्त्वाची आहे, आणि ती समजण्यासाठी कोल्हापूरकराला दूर जावयास नको. ब्रिटिश अमदानीत कोल्हापूर हे एक संस्थान होते. त्याला छत्रपती होते, प्रजा होती, निश्चित सीमा होती, कारभार होता. पहिल्या तिन्ही खुणा तेथे होत्या. परंतु परराष्ट्रांशी स्वतंत्रपणे संबंध ठेवण्याचा अधिकार ब्रिटिश सत्तेने संस्थानिकांपाशी ठेवला नव्हता. म्हणून ते संस्थान होते, स्वतंत्र देश नव्हते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले.

मराठीत ‘देश’ हा शब्द आणखी एका अर्थाने चालतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. गगनबावड्याहून करूळचा घाट उतरला की कोकण लागते. आणि कोकणातील मनुष्य घाट चढून वर आला, म्हणजे तो ‘देशावर’ आला असे म्हणतात. येथे देश म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारी मुलूख. या देशाला राष्ट्रध्वज नाही, राजदूत नाही आणि कोणी पारपत्रही मागत नाही. तेव्हा ‘देश’ हा शब्द कानी पडताच तो कोणत्या अर्थाने वापरला आहे, हे आधी पाहावे लागते.

दोन्ही प्रश्न स्वच्छ वेगळे केले, म्हणजे वहीच्या पानावर चार घरांची एक चौकट काढता येते. पहिल्या घरात बेटही आणि देशही, असे प्रदेश येतील : श्रीलंका, मादागास्कर, क्युबा. दुसऱ्या घरात बेट आहे पण देश नाही, असे येतील : ग्रीनलंड, किंवा आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील माजुली. माजुली हे नदीतील बेट असून २०१६ पासून तो आसामचा एक जिल्हा आहे. तिसऱ्या घरात देश आहे पण बेट नाही, असे येतील : नेपाळ, भूतान, भारत. चौथ्या घरात बेटही नाही आणि देशही नाही, असे येतील. तेथे कोल्हापूर, सांगली, सोलापूर ही नावे खुशाल लिहावीत. प्रत्येक नावाला दोन्ही प्रश्न विचारावयाचे, दोन्ही उत्तरे घ्यावयाची, आणि मगच त्याला घर द्यावयाचे.

या चौकटीतही काही नावे नीट मावत नाहीत, आणि त्यांनीच भूगोल मनोरंजक होतो. बोर्नियो हे एकच बेट आहे, पण त्यावर इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई अशा तीन देशांचा अंमल आहे. आयर्लंडच्या बेटावर आयर्लंडचे प्रजासत्ताक आहे आणि त्याच बेटाचा ईशान्येकडील भाग, उत्तर आयर्लंड, ब्रिटनच्या संयुक्त राज्यात मोडतो. उलट इंडोनेशिया हा एकच देश सतरा हजारांहून अधिक बेटांवर पसरलेला आहे. जपान हेही एक बेट नव्हे. होक्काइदो, होन्शू, शिकोकू आणि क्यूशू ही चार मोठी आणि इतर कितीतरी लहान बेटे मिळून तो देश झालेला आहे. म्हणून त्याला बेट न म्हणता द्वीपसमूह म्हणणे अधिक बरोबर. फळ्यावरील त्या प्रश्नाचा एवढा बारकाईने विचार केला असता, तर ‘जपान’ या नावापाशीही एखादा चौकस विद्यार्थी अडखळला असता.

नैसर्गिक सीमा आणि माणसांची सीमा यांतील फरक पाहण्यासाठी महाराष्ट्राचा किनारा हीच उत्तम शाळा आहे. आजची मुंबई एकसंध भूमीसारखी दिसते. पूर्वी तेथे कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे होती. मधल्या खाड्यांत भर घालून, बांध बांधून माणसांनी ती एकमेकांस जोडली. त्यांच्या उत्तरेस साष्टीचे मोठे बेट; मध्ये फक्त माहीमची खाडी. १६६१ सालच्या विवाहकरारान्वये पोर्तुगालने मुंबईचे बेट इंग्लंडच्या राजाला दिले, पण साष्टी पोर्तुगीजांनी आपल्याकडेच ठेवली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी जिंकून घेतली. १७७४ साली ती इंग्रजांनी घेतली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे माहीम एका सत्तेखाली आणि खाडीपलीकडील वांद्रे दुसऱ्या सत्तेखाली होते. आज लोकलगाडी ती खाडी काही क्षणांत ओलांडते आणि डब्यातील उतारूला आपण एका सत्तेची जुनी सीमा ओलांडली, याची जाणीवही होत नाही.

रायगड जिल्ह्यातील मुरुडजवळचा जंजिरा हे याहूनही बोलके उदाहरण आहे. अरबी भाषेत ‘जझीरा’ म्हणजे बेट. त्याच शब्दापासून ‘जंजिरा’ हा मराठी शब्द आला. समुद्रातील खडकावर बांधलेल्या किल्ल्याला जंजिरा म्हणू लागले. पुढे तेथील सिद्दींच्या संस्थानालाही जंजिरा हेच नाव पडले. या संस्थानाचा बहुतेक मुलूख मुरुड, श्रीवर्धन असा जमिनीवर होता. एवढेच नव्हे, तर दूर काठेवाडच्या किनाऱ्यावरील जाफराबादही त्याच संस्थानाचा भाग होते. नाव बेटाचे आणि राज्य जमिनीवरचे! केवळ नावावरून गट ठरविणाऱ्याची येथे हमखास फसगत झाली असती. १९४८ साली हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. किल्ल्याभोवतीचे पाणी मात्र आजही तसेच आहे.

आणखी दक्षिणेस, कारवारच्या किनाऱ्यासमोर अंजदीव नावाचे एक छोटेसे बेट आहे. नकाशात पाहिले तर ते कर्नाटकाच्या दारातले वाटते. कारभाराच्या दृष्टीने ते गोव्याचे आहे. १९६१ सालच्या डिसेंबरपर्यंत त्यावर पोर्तुगालची सत्ता होती. त्या महिन्यात भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला, आणि अंजदीवही भारतात आले. ते बेट आपल्या जागेवरून तसूभरही हलले नाही. त्याचा देश मात्र बदलला. तसेच लक्षद्वीप आणि मालदीव यांचे पाहावे. दोन्ही प्रवाळांची बेटे, दोन्ही अरबी समुद्र आणि हिंदी महासागर यांत एका रांगेत पसरलेली. लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटावरील लोकांची भाषाही मालदीवच्या भाषेशी जवळचे नाते सांगते. तरीही लक्षद्वीप हा भारताचा केंद्रशासित प्रदेश आहे आणि मालदीव हा १९६५ पासून स्वतंत्र देश आहे. निसर्गाने त्यांना एकाच माळेत ओवले. माणसांच्या इतिहासाने त्यांचे दोन गट केले.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बेट असणे सहसा शतकानुशतके टिकते. देश असणे एका पिढीतही बदलू शकते. टिमोर बेटाचा पूर्व भाग २००१ साली स्वतंत्र देशांच्या यादीत नव्हता. २००२ साली तो त्या यादीत आला. ग्रीनलंड आज डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे. त्याला १९७९ साली अंतर्गत कारभाराचे अधिकार मिळाले आणि २००९ साली ते वाढविण्यात आले. स्वतंत्र व्हावयाचे की नाही, हे ठरविण्याचा तेथील लोकांचा अधिकारही त्या २००९ च्या कायद्याने मान्य केला आहे. उद्या त्यांनी तसे ठरविले, तर त्या मुलीचे उत्तर बदलावे लागेल. म्हणून ‘ग्रीनलंड देश नाही’ हे तिचे वाक्य म्हणजे नुसती पाठ केलेली माहिती नव्हती. जगातील एका समाजाच्या आजच्या स्थितीविषयी तिला काही ठाऊक होते आणि ते तिने योग्य जागी वापरले होते. असे ज्ञान शाबासकीला पात्र असते.

येथे कोणी म्हणेल की, परीक्षेला बसणारी मुले असंख्य असतात. उत्तरपत्रिकेवर एकच वर्तुळ काळे करावयाचे असते, आणि ती उत्तरपत्रिका यंत्र तपासते. प्रत्येकाचे कारण ऐकत बसणे यंत्राला कसे शक्य आहे? शिवाय प्रत्येक कारण मान्य केले, तर चारही उत्तरे बरोबर ठरतील आणि परीक्षेला अर्थच उरणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. त्याच वर्गात एक मुलगा म्हणाला असता, “ग्रीनलंडच वेगळे, कारण बाकीची नावे तीन अक्षरी आहेत आणि हे चार अक्षरी आहे,” तर त्याचे म्हणणेही सत्यच ठरले असते! परंतु प्रत्येक सत्य कारण योग्य कारण नसते. भूगोलाच्या प्रश्नात अक्षरे मोजून चालत नाही. भाषेच्या तासाला तीच कसोटी शोभून दिसेल. जी कसोटी विषयाला धरून आहे, जी उरलेल्या तिन्ही पदांना नेमकी लागू पडते आणि चौथ्याला लागू पडत नाही, तीच खरी कसोटी. त्या मुलीची कसोटी या तपासणीत पूर्णपणे उतरते. तीन अक्षरांची कसोटी पहिल्याच पायरीवर गळून पडते.

तेव्हा यंत्राला कारण वाचता येत नसेल, तर ती जबाबदारी प्रश्न काढणाऱ्यावर अधिकच येते. त्याने प्रश्न छापण्यापूर्वी चारही पदांना सर्व संभाव्य कसोट्या लावून पाहाव्यात. ‘पुढीलपैकी स्वतंत्र देश नसलेले नाव ओळखा’ किंवा ‘पुढीलपैकी समुद्राने न वेढलेला प्रदेश ओळखा’ असे चार शब्द अधिक घातले असते, तर सारा घोटाळा टळला असता. किंवा ग्रीनलंडच्या जागी मादागास्कर घातले असते, तर चारही देशच झाले असते आणि नेपाळखेरीज दुसरे उत्तर भूगोलाच्या कसोटीने कोणालाही सुचले नसते. एक नाव बदलण्याचा हा त्रास फार मोठा नाही. सुताराला चौकट गुण्यात आहे की नाही, हे बसविण्यापूर्वी पाहावे लागते. प्रश्नाची चौकट बसविणाऱ्यानेही तेवढी काळजी घेतली पाहिजे.

विद्यार्थ्यावरही एक जबाबदारी आहे, आणि ती टाळून चालणार नाही. गटात न बसणारे पद शोधताना डोळ्यांना प्रथम जे खटकेल, त्यावर बोट ठेवून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. उरलेल्या तिघांत समान काय आहे, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ते वाक्य जमले, तर उत्तर हाती आले. ते जमले नाही, तर उत्तर बरोबर निघाले तरी तो नुसता योगायोग समजावा. ज्या मुलांनी ‘नेपाळ’ लिहिले, त्यांपैकी किती जणांपाशी असे वाक्य तयार होते? कित्येकांनी शेजाऱ्याचे पाहून लिहिले असेल, कित्येकांना ते नाव केवळ ओळखीचे म्हणून सुचले असेल. त्यांना गुण मिळाला. जिच्यापाशी वाक्य तयार होते, तिला तो मिळाला नाही.

आणि शिक्षकांचे काय? त्यांच्यावर रोष धरण्याचे कारण नाही. चाळीस मुलांचा वर्ग, घड्याळाचा काटा आणि संपवावयाचा अभ्यासक्रम, या तिन्हींच्या कात्रीत ते सापडलेले असतात. परंतु सरावाचा तास म्हणजे प्रत्यक्ष परीक्षा नव्हे. परीक्षेत यंत्र ऐकत नाही. वर्गात शिक्षक ऐकू शकतात, आणि वर्गाची थोरवी यातच आहे. “तुझी कसोटी कोणती?” एवढे तीन शब्द त्यांनी उच्चारले असते, तर त्या मुलीला बोलावयास धीर आला असता; इतर मुलांनीही आपली कसोटी शोधली असती; आणि एका चुकलेल्या प्रश्नातून साऱ्या वर्गाला बेट आणि देश यांतील भेद कायमचा समजला असता. उत्तरसूची ही कंदिलासारखी असते. तिच्या उजेडात वाट दिसावी, हे योग्य; पण ती डोळ्यांच्या अगदी समोर धरली, तर डोळे दिपतात आणि पुढचे काहीच दिसत नाही.

परीक्षेत त्या मुलीने काय करावे, असा प्रश्न उरतो. प्रश्नात कसोटी दिलेली नसेल, तर तिने चारही नावांना दोन्ही प्रश्न विचारावेत, दोन्ही उत्तरे मनाशी पडताळावीत आणि जी कसोटी प्रश्नाच्या रोखाला अधिक जुळेल, तिच्या आधाराने वर्तुळ काळे करावे. कधी गुण मिळेल, कधी जाईल. मात्र परीक्षा आटोपून घरी आल्यावर तिने वहीत आपले कारण लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी ते शिक्षकांना दाखवावे. उत्तरसूची माणसांनीच तयार केलेली असते, आणि माणसांनी केलेली चूक माणसांनाच सुधारता येते. एखाद्या मुलीने योग्य वेळी योग्य शंका विचारली, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पुस्तकातील तो प्रश्न सुधारू शकतो, आणि मग पुढच्या वर्गातील शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचा गुण जात नाही. त्यासाठी तिने उभे राहिले पाहिजे. आणि ती उभी राहील तेव्हा वर्गाने तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले पाहिजे.